जास्तीची तेवीस एककं

पवनचक्कीच्या खालच्या दातेरी चाकावर बाण नेऊन थांबवला की पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात दोन आकडे उमटतात. पहिला मिळणाऱ्या शक्तीचा, दुसरा लागणाऱ्या शक्तीचा. रविवारी सकाळी साडेदहाला मी पाहिलं तेव्हा पहिला १४० होता आणि दुसरा १३२. पहिल्यात काही चूक नव्हती. सात पवनचक्क्या, प्रत्येकी वीस एककं. दुसरा मात्र १०९ असायला हवा होता. आठ पंपांची ऐंशी, चार दातेरी चाकांची वीस आणि लाकडी दांड्याच्या नऊ तुकड्यांची नऊ. माझ्या पाळीच्या शेवटच्या दिवशी मी हे निळ्या वहीत लिहून ठेवलं होतं. वही उघडून पुन्हा पाहिलं. १०९. बाण चाकावरून काढला, पुन्हा ठेवला. १३२. पाती फिरत होती, पंप फिरत होते, वरचा हौद काठोकाठ भरलेला होता. कुठेही काही बिघडलेलं नव्हतं. फक्त तेवीस एककं कुठेतरी जात होती, आणि ती कुठे जातात हे मला माहीत नव्हतं.

हा संगणकावरचा, किल्ला बांधायचा खेळ आहे. सात बुटकी माणसं एका डोंगराशी येतात, डोंगर पोखरतात, आत खोल्या करतात, पेरतात, खालच्या नदीचं पाणी वर आणतात. यात जिंकणं नसतं. किल्ला टिकतो किंवा पडतो. संजय आणि मी आमचा किल्ला साडेनऊ वर्षं पाळीपाळीनं चालवतो आहोत. किल्ल्यातलं एक वर्ष त्यानं खेळायचं, मग फाइल मेलनं मला पाठवायची, सोबत चार ओळी. पुढचं वर्ष मी. सवडीनं खेळलं तर एका पाळीला पाच-सहा महिने लागतात. विषम वर्षं त्याची, सम माझी. नियम एकच, आणि तो मी सुचवला होता: सोबतच्या ओळींत फक्त किल्ल्याबद्दल लिहायचं. त्यानं तो इतका काटेकोर पाळला की त्याच्या पायाचं हाड मोडल्याचं मला दुसऱ्याच कुणाकडून चार महिन्यांनी कळलं. त्या वर्षीच्या पत्रात त्यानं लिहिलं होतं: सातवं वर्ष. वारा नेहमीचा. एक गाय मेली. उत्तरेचा जिना रुंद केला. शुक्रवारी आलेल्या पत्रात मात्र होतं: एकोणिसावं वर्ष. वारा नेहमीचा. धान्य पुरेसं आहे. ही माझी शेवटची पाळी. यापुढे किल्ला तुझ्याकडे. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी ते फोनवर वाचलं, फोन पालथा ठेवला आणि अकरावीच्या वर्गावर जाऊन घर्षण शिकवलं. स्थिर वस्तू हलवायला जास्त बल लागतं, चालत्या वस्तूला चालू ठेवायला कमी. फळ्यावर आलेख काढताना माझा हात नेहमीसारखाच चालत होता, आणि मला त्याचाच राग आला.

त्यानं मला एकदा विचारलं होतं. बडनेरा स्टेशनवर, दोन हजार पंधराच्या जूनमध्ये. अमरावतीची एम.एस्सी. संपली होती. त्याला धुळे जिल्ह्यात, साक्रीकडे, पवनचक्क्यांच्या देखभालीची नोकरी लागली होती आणि त्याची गाडी यायची होती. मला वणीला परत जायचं होतं. प्लॅटफॉर्मवर एक बाई स्टीलच्या डब्यातून दशम्या काढून आपल्या माणसाला देत होती, आणि आम्ही दोघंही तिच्याकडे पाहत उभे होतो, कारण एकमेकांकडे पाहता येत नव्हतं. तो म्हणाला, "येशील का माझ्यासोबत? म्हणजे आज नाही. लग्न करून." मी म्हणाले, "सांगते." गाडी आली. त्यानं बॅग आत टाकली, दारात उभा राहिला, हात वगैरे काही हलवला नाही. सहा महिने कुणीच कुणाला फोन केला नाही. मग एका दुपारी मेल आला, त्यात किल्ल्याची फाइल आणि एक ओळ: पहिलं वर्ष मी केलं, दुसरं तू करतेस का? मला किती हलकं वाटलं ते आठवतं. त्या एका प्रश्नाखेरीज उत्तर देता येईल असं काहीतरी त्यानं पाठवलं होतं. नियम मी त्याच दिवशी लिहून पाठवला.

आईला तेव्हा नुकतंच आठवड्यातून दोनदा चंद्रपूरला रक्त धुवायला, डायलिसिसला, न्यावं लागू लागलं होतं. रुखमाबाई बाबाराव, वय त्रेपन्न, असं तिचं नाव दर मंगळवारी आणि शनिवारी पुकारलं जाई आणि मी उठून कागद घेऊन जाई. मला वाटे, हे संपलं की सांगू. पण हे संपण्याचा अर्थ काय ते मला कळत होतं, म्हणून मी तसं वाटून घेणंही थांबवलं. चार वर्षांनी ते संपलं. मग बाबा होते. बाबा एकटे होते, त्यांचे गुडघे होते, त्यांचे कान होते. कारणं एकापाठोपाठ येत गेली, आणि प्रत्येक कारण तपासून पाहिलं तर खरंच निघे. एकदा, आई असताना, संजय त्याच्या गावाहून, महागावहून, साक्रीला परत जाताना मुद्दाम वाट वाकडी करून वणीला आला होता. बाबांनी त्याला पात्याची लांबी विचारली. तो म्हणाला, चाळीस मीटर. बाबा दारात जाऊन उभे राहिले आणि गल्लीच्या टोकापर्यंत नजरेनं मोजून आले. "म्हणजे पाटलाच्या गिरणीपावतर," ते म्हणाले, आणि त्यानंतर त्याचं नाव पंख्यावाला पडलं. त्याच्या याडीला, म्हणजे आईला, लालीबाईंना, मी त्यांच्या तांड्यावर एकदाच भेटले होते, एका मैत्रिणीच्या लग्नाच्या निमित्तानं. त्यांनी माझं आडनाव विचारलं, पाणी दिलं, थोड्या वेळानं पुन्हा आडनाव विचारलं, आणि मग फार मायेनं जेवायला वाढलं. वाढताना त्या मधूनच माझ्याकडे पाहत होत्या. ते पाहणंही मी माझ्या कारणांत घालून ठेवलं होतं.

तेवीस. मी वहीत उभ्या रेघा मारून मांडणी केली. दोन पंप आणि दांड्याचे तीन तुकडे. पण तीन तुकड्यांत मुख्य दांड्यापासून कुठेच पोचता येत नाही. तीन दातेरी चाकं आणि आठ तुकडे. पण चाकं नुसती फिरवायला कोण लावेल? राहिलं एक चाक, एक पंप आणि आठ तुकडे. पाच, दहा, आठ. म्हणजे संजयनं त्याच्या शेवटच्या पाळीत कुठेतरी एक पंप चालू केला होता आणि पत्रात लिहिलं नव्हतं. असं त्यानं आजवर केलं नव्हतं. किल्ल्यातली प्रत्येक गोष्ट आम्ही एकमेकांना सांगत आलो होतो. खरं तर तेवढंच सांगत आलो होतो. मी उठून खिडकी लावली. मार्चातच बाहेर ऊन पांढरं झालं होतं. खाणीकडून येणारे ट्रक मोठ्या रस्त्यावरून गेले की काही क्षणांनी काचेच्या फटीतून बारीक काळी धूळ आत येते आणि खिडकीच्या कठड्यावर बसते. सकाळी पुसलेल्या जागेवर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. आमच्याकडे वारा असा नसतोच. धूळ ट्रकच्या चाकांनी उठते. अमरावतीला आम्ही पहिल्यांदा हा खेळ खेळलो तेव्हा मी सगळा हिशेब करून सात पवनचक्क्या उभारल्या होत्या आणि एकही फिरली नव्हती. या खेळात वारा जागेवर ठरतो. जागा निवडली की वारा कायमचा ठरला, नंतर तो वाढत नाही, कमी होत नाही. मी दगड पाहिला होता, माती पाहिली होती, पाणी किती खोल आहे ते पाहिलं होतं. वारा पाहायचा राहून गेला होता. लॅबमध्ये संजय टेबलावर डोकं ठेवून हसत होता. "वणीले बांधला वाटते किल्ला," तो म्हणाला. मला अपमान वाटला आणि त्याच क्षणी हेही वाटलं की हा माणूस असा हसताना आपल्याला रोज दिसावा.

"मोना, काय करून राह्यली वं?" बाहेरच्या खोलीतून बाबा म्हणाले. ते उत्तराची वाट पाहत नाहीत, कारण उत्तर त्यांना ऐकू येत नाही. चौतीस वर्षं ते भुयारी खाणीत पंप खलाशी, म्हणजे पंप सांभाळणारे, होते. खाणीत पाणी सतत झिरपतं, आणि ते सतत उपसावं लागतं. दिवाळीला, मतदानाच्या दिवशी, माझ्या बारावीच्या निकालाच्या दिवशीही. पंप थांबला तर एका शिफ्टमध्ये खालचा भाग बुडतो. ते सांगत, पंपाचा आवाज बदलला की झोपेतही कळतं. त्यातच त्यांचे कान गेले. मला लहानपणी वाटे की बाबा सगळ्या खाणीचं पाणी हातांनी ओढतात, आणि त्यांनी हात काढला तर जमिनीखाली माणसं बुडतील, म्हणून ते शाळेच्या गॅदरिंगला येऊ शकत नाहीत. नंतर कळलं की ते बटण दाबून स्टुलावर बसतात आणि ऐकतात. पण आधी वाटलेलं पूर्ण गेलं नाही. किल्ल्याच्या दुसऱ्या वर्षी, पवनचक्क्या व्हायच्या आधी, पंप हातानं फिरवावा लागे. आम्ही एकेका बुटक्याला स्वतःची नावं दिली होती. त्याचा संजय यंत्रं जुळवतो, माझी मोनाली पंपावर असे. एक अख्खं वर्ष ती एकाच जागी उभी राहून दांडा फिरवत होती. ती दमली की झोपायला जाई, पाणी एक वीत खाली जाई, ती परत येई. मला तिचं ते काम थांबवावंसं वाटलं नाही. तिसऱ्या वर्षाच्या पत्रात संजयनं लिहिलं: पवनचक्क्या उभारल्या. मोनालीला पंपावरून काढलं. ती आता मोकळी आहे. काय करायचं ते तिला ठरवू दे.

मुख्य दांड्यापासून मी एकेक तुकडा मोजत खाली गेले. पहिला तळ, दुसरा तळ. तिसऱ्या तळावर पूर्वेला एक चाक होतं, ते मला माहीत होतं. पण ते सोडवलेलं असे. अशा चाकाला खटका जोडलेला असतो, खटका ओढला की चाक दांड्यापासून सुटतं आणि पुढचं सगळं थांबतं; पुन्हा ओढला की गुंततं. सुटलेल्या चाकाची शक्ती मोजली जात नाही. आता ते गुंतलेलं होतं. त्याच्यापुढे आठ तुकडे सरळ भिंतीत जात होते आणि भिंतीपलीकडे माझी दगडांची खोली होती. ही खोली मी सोळाव्या वर्षी घेतली होती. सहा बाय चार, रिकामी, कोपऱ्यात एक बंद पंप आणि त्याच्याशेजारी जेमतेम हात बुडेल एवढं कोरडं टाकं. संजयनं पंधराव्या वर्षी काहीतरी सुरू करून सोडून दिलं असेल असं मी धरलं. मला हौदाच्या खोदकामातले दगड ठेवायला जागा हवी होती. त्या वर्षीच्या पत्रात मी लिहिलं: तिसऱ्या तळावरची पूर्वेची रिकामी खोली दगडांसाठी घेतली, हरकत नसावी. सहा महिन्यांनी त्याचं पत्र आलं: सतरावं वर्ष. वारा नेहमीचा. खोलीबद्दल हरकत नाही. आता त्या खोलीत एकतीस दगड होते, आणि दगडांच्या मागे, कोपऱ्यात, पंप फिरत होता. टाकं भरलेलं होतं. काठावरून थोडं पाणी सांडून दगडांखाली पसरत होतं आणि खालच्या फटीतून परत नदीला जात होतं. त्यात काही उपयोगाचं नव्हतं. स्वयंपाकघराला तिथून पाणी जात नव्हतं, शेतालाही नाही. कुणीतरी तिथे बसलं असतं तर त्याला पाण्याचा आवाज आला असता, एवढंच.

मी बराच वेळ पाहत बसले. मग माझ्या लक्षात आलं की मी खोली पाहते आहे, पण भिंती पाहत नाही. या खेळात भिंती घासून गुळगुळीत करता येतात आणि त्यांच्यावर चित्रं कोरता येतात. ती चित्रं पडद्यावर फार गर्दी करतात. दांडे, चाकं, नळ सगळं त्यांत हरवतं. म्हणून मी अगदी सुरुवातीपासून कोरीवकाम दिसणं बंद करून ठेवलं आहे. प्रत्येक वेळी फाइल उघडली की पहिलं काम तेच करते, चष्मा पुसावा तसं. माझ्या किल्ल्यात भिंती नेहमी राखाडी असतात. त्याच्या किल्ल्यात त्या कशा असतात हे मी साडेनऊ वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

मी कोरीवकाम चालू केलं. किल्ला एकदम भरून गेला. जिन्यांवर, जेवणाच्या दालनात, हौदाच्या कठड्यावर, सगळीकडे बारीक चित्रं. मी दर दुसऱ्या वर्षी त्यांच्यामधून न पाहता ये-जा केली होती. त्या खोलीच्या उत्तरेच्या भिंतीवर बाण नेला. पंधराव्या वर्षाच्या शरद ऋतूत कोरलेलं. चित्रात एक स्त्री आणि एक पुरुष. स्त्री मोनाली आहे. पुरुष संजय आहे. पुरुषानं हात पुढे केला आहे. स्त्री विचारात आहे. खेळ अशीच वाक्यं करतो. माणसं आणि हालचाली निवडायच्या, वाक्य तो जुळवतो. पूर्वेच्या भिंतीवर तेच दोघं होते, पाण्याशी बसलेले. दक्षिणेच्या भिंतीवर एक घर, त्याला दोन दारं. पश्चिमेची भिंत घासून अगदी गुळगुळीत केलेली होती आणि तिच्यावर काही कोरलेलं नव्हतं. मी बाण पुन्हा पुन्हा फिरवला. चौथी भिंत त्यानं विसरून सोडली नव्हती. तो कोऱ्या जागा विसरून सोडत नाही. त्यानं ती माझ्यासाठी ठेवली होती, फाइल पाठवली होती, आणि सहा महिने थांबला होता. मग माझं पत्र उघडून वाचलं होतं की रिकामी खोली दगडांसाठी घेतली. ती ओळ मी मनात मोठ्यानं वाचली. मग त्याची ओळ वाचली. हरकत नाही. एकतीस दगड मी एकेक करून त्या खोलीत पाठवले होते. त्यांतले काही, मला आठवलं, मोनालीनंच वाहून आणले होते.

आणि तरीही त्यानं आणखी दोन पाळ्या खेळल्या होत्या. वारा नेहमीचा, धान्य पुरेसं. शेवटच्या पाळीत दगड हलवले नव्हते. फक्त खटका ओढून पंप चालू केला होता. का, ते मला नीट सांगता येणार नाही. कदाचित निघताना कुणी घरातल्या घड्याळाला चावी देऊन ठेवतं, तसं असेल. मला त्याला माझ्या पाळीत उत्तर द्यावंसं वाटलं. दगड बाहेर काढायचे, पश्चिमेच्या भिंतीवर कोरायचं, आणि वर्ष संपलं की फाइल पाठवायची. मी कोरणाऱ्याला नेमण्यासाठी यादी उघडलीसुद्धा. स्त्रीनं हात धरला आहे, अशी हालचाल यादीत होती. कितीतरी वेळ मी त्या ओळीवर थांबून होते. तिथे बोट दाबलं असतं तर किती सोपं झालं असतं. पण ते वर्ष संपायला सहा महिने लागले असते, आणि ज्यानं शेवटची पाळी म्हणून लिहिलं आहे तो माणूस फाइल उघडेल कशावरून? मी यादी बंद केली. हे लिहिताना वाटते तशीच भीती मला तेव्हा पहिल्यांदा वाटली. उशीर होऊन गेल्याची भीती शांत माणसालासुद्धा उभं करते.

बाहेर बाबा चहाचं पातेलं धूत होते. "ठेवतं का चाय, का मीच ठेवू?" मी गेले. गॅस लावला, आलं ठेचलं. ते ओट्याला टेकून माझ्याकडे पाहत होते.

"तुह्या बुटक्यायचं काय चाल्लं?"

"बाबा, संजय खेळ सोडून राह्यला."

"कोण?"

"संजय," मी जरा मोठ्यानं म्हणाले. "साक्रीवाला."

"पंख्यावाला. हं. काहून सोडून राह्यला?"

"त्यानं मले काही विचारलं होतं. मी उत्तर देल्लं नाही."

"कायचं उत्तर?"

"लग्नाचं."

बाबांनी पातेल्यात पाहिलं. चहा वर येत होता, मी गॅस बारीक केला. "ते माहीत हाय मले," ते म्हणाले. "तुह्या मायनं सांगतलं होतं. जाच्या आधी सांगतलं होतं तिनं. म्हणे, पोरगी थांबून राह्यली, तिले म्हना जाय."

"मंग तुम्ही काहून नाही म्हटलं?"

त्यांना ऐकू आलं होतं. तरी त्यांनी कानावर हात नेला, मग तो खाली घेतला. "पयले वाटलं, आता नाही, वरीसभरानं म्हनू. मंग वाटलं हे गेली तं चाय कोन ठेवन." ते थोडं हसले. "मंग शिकलो ना मी. तू कॉलेजात जातं तं रोज दोन डाव ठेवतो. साखर लपवून ठेवतं तू, ते बी माहीत हाय मले कुठं हाय ते."

"बाबा, तुमचे गुडघे."

"गुडघे तू धरून बसली का? संघर्ष हाय ना बाजूले, हाक मारली का येते." संघर्ष माझा चुलतभाऊ; त्याचं घर भिंतीला भिंत लागून आहे. बाबांनी चहाचा कप घेतला, फुंकर मारली. "मी काय पंप हाय का, माह्याजवळ रातंदिवस मानूस बसवा लागते? आन् पंपाजवळ बसून मी काय केलं सांगू का? काहीच नाही. तो चालतच होता. मी नुस्ता बसून राहो." मग, जरा थांबून, "जात कोनती म्हने त्याची, बंजारा ना? त्याची माय काय म्हनते?"

"माहीत नाही."

"विचारलं का?"

"नाही."

"दहा वर्सं झाले, एवढी शिकलेली पोट्टी, एक गोष्ट विचारली नाही." त्यांच्या आवाजात राग नव्हता. कोणीतरी सोपं गणित चुकल्यावर मी वर्गात बोलते तसा तो आवाज होता. कप घेऊन ते बाहेर जाऊन बसले.

मी आत आले. पडद्यावर सगळं चालू होतं. पाती, पाणी, भिंतीवरची माणसं. मी खेळ थांबवला नाही. संजयचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, तो मी पाठही म्हणू शकत होते, आणि त्यावर शेवटचा फोन आई गेली त्या दिवशी त्यानं केला होता. तेव्हा तो एवढंच म्हणाला होता की ऐकलं, आणि मी म्हणाले होते की हो. मी बटण दाबलं. सहा वेळा वाजलं. सातव्याला आधी नुसता घोंघाट आला, मग तो.

"हं. बोल."

"मी मोनाली."

"दिसते ना नाव. काय झालं, बाबा बरे हायेत ना?"

"बरे हायेत. तू कुठं आहेस?"

"वरतं. टॉवरवर. सर्व्हिसिंग चालू हाय, मशीन बंद हाय, पण वरतं वारा असतेच." घोंघाट पुढे आला आणि मागे गेला. तो ओरडून बोलत नव्हता, त्याला त्या आवाजात बोलायची सवय असावी. "बोल."

"त्या खोलीत मी दगड ठेवले."



"तिसऱ्या तळावरच्या," मी म्हणाले. "मी कोरीवकाम बंद करून ठेवत होते. पहिल्यापासून. दांडे दिसत नाहीत म्हणून. मला भिंती दिसल्याच नाहीत, संजय. आज पाहिल्या. तेवीस एककं जास्त लागत होती म्हणून शोधत गेले तर."

"आज?" तो म्हणाला.

"आत्ता. तासाभरापूर्वी."

कुणीतरी त्याच्याजवळ लोखंडावर काही ठोकत होतं, ते थांबलं. "मी चार वर्षं समजून राह्यलो का तुह्यं उत्तर नाही हाय," तो म्हणाला, आणि मग दुरुस्त केलं, "चार नाही, दोन." मग म्हणाला, "मोनाली, याडीनं पुसदकडचं एक स्थळ पाह्यलं. पुढच्या रविवारी जायचं हाय. मी हो म्हटलं नाही, पण नाही बी म्हटलं नाही. मले वाटलं आता कायले थांबाचं."

"ऐक," मी म्हणाले. माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता. वर्गाबाहेर मी मोठ्यानं बोलत नाही. बाबांशी बोलतानाही दोनदा हळू बोलून मग तिसऱ्यांदा आवाज चढवते. मी जे ठरवलं होतं ते म्हणाले, पण ते ओठांच्या बाहेर फार दूर गेलं नसावं.

"काही आलं नाही इकडं," तो म्हणाला. "वारा हाय. मोठ्यानं बोल."

बाहेरच्या खोलीत बाबांचा कप खाली ठेवल्याचा आवाज झाला. मी खुर्चीवरून उठले, एक हात टेबलावर ठेवला आणि भरल्या वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जावं अशा आवाजात म्हणाले, "मले तुह्याशी लग्न करायचं हाय. तू पुसदला जाऊ नको. मी येऊन राह्यली."